लेस्टरला निघालेली पलटण

वेलापी सिथोले यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि त्या एका पत्रापायी त्यांचं स्वतःविषयीचं मत, जे मुळातच फारसं बरं नव्हतं, पार रसातळाला गेलं होतं. एरवी पत्रोत्तराच्या बाबतीत हा माणूस काटेकोर. विमा कंपनीने सगळ्या वस्तीला छापून पाठवलेल्या नववर्षाच्या शुभेच्छांनाही त्यांनी स्वहस्ते आभाराचं पत्र लिहिलं होतं, आणि त्यात जरा जास्त सलगी झाली की काय, या काळजीत पुढचा आठवडा घालवला होता. अशा माणसाच्या टेबलाच्या खणात लेस्टरच्या पेटिफर नावाच्या गृहस्थाचं पत्र ईस्टरपासून पडून होतं. खण उघडला की ते दिसायचं, म्हणून सिथोले खण उघडत नसत. आणि वाचायचा चष्माही त्याच खणात असल्यामुळे वाचनाचे फार हाल होत.

हे पेटिफर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. उभा जन्म लोकांच्या तोंडात बारीक काम करून बसलेला हात निवृत्तीनंतर स्वस्थ राहीना, तेव्हा त्यांनी अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे सैनिक रंगवायला घेतले. लेस्टरमध्ये त्यांच्यासारखे आणखी काही नातवंडवाले गृहस्थ होते. दर गुरुवारी हे सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमत, टेबलावर हिरवं कापड अंथरत आणि सव्वाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत झालेल्या लढाया फासे टाकून पुन्हा लढत. कधी इंग्रज जिंकत, कधी झुलू जिंकत. चहा मात्र ठरल्या वेळी होई.

एकदा खरंखुरं रणांगण पाहायला म्हणून पेटिफर दक्षिण आफ्रिकेत आले, तर ज्याच्या पायथ्याशी झुलूंनी इंग्रजांना हरवलं तो इसांडल्वानाचा डोंगरच धुक्यात दिसेना. मग ते जवळच्या डंडी गावाबाहेरच्या वस्तीत, शाळेच्या ग्रंथालयात येऊन बसले. तिथे ग्रंथपाल होते सिथोले.

"त्या काळी म्हणे प्रत्येक पलटणीच्या ढालीचा रंग वेगळा असायचा," पाहुणा म्हणाला. "तुम्हाला तर माहीतच असेल."

'पुस्तकात पाहून सांगतो' हे सिथोल्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोने मीठ कुठे ठेवलंय विचारलं तरी ते हेच म्हणत, असं बायकोचं मत. पण त्या दिवशी, माणूस एवढ्या लांबून आलेला, डोंगरही दिसला नाही बिचाऱ्याला, अशा विचारात तोंडून निघून गेलं, "हो, माहीत आहे ना." भिडस्त माणसं खोटं बोलतात ती अशी, दुसऱ्याच्या सोयीसाठी.

मग एके दिवशी जड पार्सल आलं आणि त्यात हे पत्र. पेटिफरनी लिहिलं होतं की सोबत एक झुलू पलटण रंगवण्यासाठी पाठवतो आहे. मंडळात एक गृहस्थ माझ्या प्रत्येक ढालीला नावं ठेवतात. ज्याच्या घराण्याने त्या ढाली प्रत्यक्ष धरल्या अशा माणसाने रंगवलेली पलटण टेबलावर आली की त्यांचं तोंड कायमचं बंद होईल. हिवाळ्याआधी मोठा सामना आहे. आणि शेवटी एक वाक्य होतं. 'तुमचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते ते अवश्य कळवा. त्यांना मी सगळ्यांच्या पुढे उभं करीन.'

पंचाईत होती ती या वाक्याची. सिथोल्यांचे पणजोबा दुमिसा त्या लढाईत होते, यात शंका नाही. फक्त ते इंग्रजांच्या बाजूने होते. हद्दीच्या नदीच्या अलीकडच्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखातले काळे तरुण गोळा करून इंग्रजांनी तेव्हा पायदळ उभं केलं होतं, आणि वर्दी म्हणून प्रत्येकाला डोक्याला बांधायला एक लाल फडकं दिलं होतं. दुमिसा ते फडकं बांधून डोंगराखाली उभे राहिले, समोरून झुलू पलटणी येताना त्यांनी पाहिल्या आणि नदीच्या दिशेने जे पळाले ते बायकोच्या चुलीपाशी येऊन थांबले. ही हकीकत सिथोल्यांना वडिलांनी दार लावून सांगितली होती. सिथोले कुळातली माणसं त्या लढाईत दोन्हीकडे होती, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. पण यांचे कुठले, असं कोणी विचारलंच तर वडील म्हणत, "आमचेही होते हो लढाईत," आणि बोलणं शेळ्यांवर नेत. मुलाने तीच रीत पुढे चालवली. तो बोलणं पुस्तकांवर नेई, एवढाच फरक.

आता खरं लिहावं तर ज्याच्या घराण्याने ढाल धरली असा माणूस आपण नव्हेच, हे उघड होणार. खोटं लिहावं तर हात चालेना. तोंडी खोटं एकदा जमून गेलं होतं, पण शाईने लिहायचं म्हणजे पुढे कोणीतरी त्याचा संदर्भ देणार, ही ग्रंथपालाची भीती. तेव्हा सिथोल्यांनी मधला मार्ग काढला: आधी पलटण रंगवून टाकू, पत्राचं मग पाहू. जगातले बरेच उद्योग कुठलं तरी पत्र टाळण्यासाठीच सुरू झाले असावेत.

"हे काय मांडलंय?" बायकोने विचारलं. ती सिबियांच्या घरची लेक, म्हणून सगळी वस्ती तिला मासिबिया म्हणे, आणि नवराही.

"सैनिक."

"कोणाचे?"

"लेस्टरच्या एका दंतवैद्याचे."

"आणि हे टेबल कोणाचं?"

सिथोल्यांनी पत्राकडे न पाहता खणातून चष्मा काढला. वर्तमानपत्र अंथरलं, एक सैनिक उचलला, आणि पुस्तकात पाहून त्याची ढाल रंगवली: पांढऱ्यावर तांबडे ठिपके. पेराएवढ्या माणसाची नखाएवढी ढाल, पण ठिपका एकही बाहेर गेला नाही. खूप वर्षांत त्यांना स्वतःचं काही आवडलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी थोडं आवडलं. आणि नेमके तेव्हाच शेजारचे झुंगू वर्तमानपत्र मागायला आले.

झुंगू कोळशाच्या खाणीतून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. खाणीच्या आवाजात बोलायची सवय लागलेली, ती खाण बंद पडली तरी सुटली नव्हती.

"मास्तर, हे जनावर कुठलं?"

"ही ढाल आहे."

"ढाल कशाची? कातड्याची. कातडं कशाचं? गाईचं. मग मी विचारतो, गाय कुठली? असे ठिपके मी गोवर आलेल्या पोराच्या पाठीवर पाहिलेत. गाईच्या अंगावर नाही."

सिथोल्यांनी पुस्तक पुढे केलं.

"हे लिहिणाऱ्याकडे गुरं होती का?" झुंगूंनी विचारलं, आणि पुस्तक मिटलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या मुलखात माणूस खाणीत काम करो, बँकेत करो, नाहीतर दवाखान्यात इंजेक्शनं देवो, मनातून तो गुराखीच असतो. गाईच्या कातड्याला नुसतं बांडी, कबरी म्हणून इथे कोणाचं समाधान होत नाही. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके असले तर ती 'ताकातल्या माशा'. पिवळसर अंगावर तपकिरी शिंतोडे असले तर 'चंडोलाची अंडी'. अंग गडद आणि पाय तेवढे वर उजळ असले तर 'नदी ओलांडणाऱ्या बायका', कारण बायका कमरेचं वस्त्र वर धरून पाण्यात शिरतात तेव्हा तशाच दिसतात. सिथोले मात्र लहानपणापासून पुस्तकांत वाढलेले. गाईंशी त्यांचा व्यवहार एकदाच झाला, लग्नात सासऱ्यांना द्यायच्या वेळी, आणि तेव्हाही गाई चुलत्यानेच निवडल्या होत्या.

"त्यातली एक लंगडी निघाली," मासिबिया चुलीपाशी उभ्याउभ्या म्हणाली. हा विषय त्या घरात कधी जुना झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसं ढाल पाहायला येऊ लागली. एकाने सांगितलं, ती पलटण तरुणांची, ढाली काळ्याच हव्यात. दुसऱ्याने सांगितलं, काळ्या, पण पोटाशी पांढरा पट्टा. तिसरा म्हणाला, पट्टा होता, पण तांबडा. त्याच्या आजीने सांगितलं होतं. आजीपुढे पुस्तक काय टिकणार? सिथोले दर पाहुण्यागणिक ढाल नव्याने रंगवीत. कोणाला 'नाही' म्हणायचं म्हणजे त्यांना जिवावर येई. शेवटी रंगावर रंग चढून ढाल इतकी जड झाली की सैनिक तोंडघशी पडू लागला.

मग आल्या न्तोम्बेला आजी. आजी चौकात तळलेल्या पिठाचे गोळे विकत, आणि त्यांच्या टोपलीपाशी जे ठरे ते वस्तीत ठरलं असं समजत. त्यांनी एक सैनिक चिमटीत धरून डोळ्यांपाशी नेला.

"हा कोण?"

"कोणी असा खास नाही, आजी. झुलू योद्धा आहे."

"माझ्या आजोबांसारखा दिसतोय." आजींनी तो उलटसुलट केला. "पण याचं डोकं बोडकं का?"

सिथोल्यांनी सांगितलं की पलटण अविवाहित तरुणांची आहे, आणि डोक्यावरचं कडं लग्न झालेल्यांनाच असे.

"माझ्या आजोबांना तीन बायका होत्या!"

"हो, पण हा सैनिक..."

"तीन! आणि तू त्यांना ब्रह्मचारी करून विलायतेला पाठवतोस? तिथल्या लोकांना काय वाटेल? आणि तोंड का उघडं आहे याचं?"

"आरोळी देतोय तो."

"आजोबा कधी आवाज चढवून बोलले नाहीत. तीन बायका असलेल्या माणसाला आवाज कुठला! आणि पोट कुठे गेलं? आजोबांना हे एवढं पोट होतं."

सिथोल्यांनी काळ्या दोऱ्याचं कडं करून सैनिकाच्या डोक्याला चिकटवलं, खिडकीची काच बसवायला लावतात त्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, गोळा लावून पोट केलं आणि तोंड बुजवलं. आजी प्रसन्न होऊन गेल्या. तीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत टोपलीपाशी बातमी झाली की मास्तर पूर्वज करून देतात.

त्यानंतर टेबलावर जेवण वाढता येईना. रोज कोणीतरी येई, रांगेवरून नजर फिरवी, आणि एकावर बोट ठेवून म्हणे, "हे आमचे." कोणाच्या पणजोबांचा एक पाय आखूड होता, तो कानशीने घासून आखूड करावा लागला. दोन चुलतभाऊ एकाच सैनिकावर हक्क सांगत आले आणि सिथोल्यांच्या अंगणात बोलाचाली करून गेले. वस्तीतले पाद्री एका रविवारी प्रवचनात म्हणाले की शिशात आत्मा नसतो, हे ध्यानात ठेवा. आणि सोमवारी मागच्या दाराने येऊन हळूच विचारून गेले की पहिल्या रांगेत एखादी जागा शिल्लक आहे का.

झुंगूंचे पणजोबा मांगेना अर्थातच सर्वांत पुढे होते. "आणि मास्तर, तुमचे कुठले?" झुंगूंनी एक दिवस विचारलं.

"अजून... तसं ठरलं नाही."

"पणजोबा ठरवायचे असतात होय?"

"नवीन पुस्तकं आली आहेत ग्रंथालयात," सिथोले म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती की पार्सलच्या तळाशी, बांधणाऱ्याच्या नजरचुकीने असेल, एक सैनिक भलताच आला होता. हातात ढाल नाही, जुनी बंदूक, डोक्याला फडकं. सिथोल्यांनी तो कोणाला दाखवला नाही. सगळे गेल्यावर एका दुपारी दार लावून त्यांनी तो रंगवला. फडक्याचा लाल रंग तीनदा धुऊन पुन्हा दिला. चेहऱ्यावर काय भाव द्यावा ते मात्र सुचेना. मग नुसतेच डोळे काढले, ते जरा मोठे झाले. सगळ्या पलटणीत तेवढं एकच काम कोणाच्या सल्ल्यावाचून झालं होतं, आणि तेवढंच चांगलं झालं होतं. मग त्यांनी तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला.

मासिबियाला तो जाकीट धुवायला काढताना सापडला. तिने तो तळहातावर घेऊन नवऱ्यासमोर धरला.

"हे ते आहेत?"

लग्नानंतर एकदा दुमिसांची गोष्ट त्यांनी तिला हळूच सांगितली होती; सिथोल्यांनी होकारार्थी मान हलवली.

"माझ्या बापाला लग्नाआधी कळलं असतं तर त्याने आणखी दोन गाई मागितल्या असत्या," ती म्हणाली. मग सैनिक एप्रनच्या टोकाने पुसून तिने त्यांच्या हातात दिला. "डोळे तुमच्यावर गेलेत."

पुढे सामना जवळ आला आणि पलटण पाठवायची वेळ झाली. सिथोल्यांचा बेत साधा होता: खोका भरायचा, डंडीच्या पोस्टात नेऊन द्यायचा, पत्र आत घालायचं नाही. पेटिफर समजून घेतील. नाही घेतलं, तर निदान लांबून नाही घेणार.

"पोस्टात?" न्तोम्बेला आजी ओरडल्या. "पोत्यात घालून? त्यांना न सांगता?"

"आजी, शिशाचे आहेत ते."

"नावं कोणाची घेतलीत आम्ही त्यांना? परमुलखात नेताना मेलेल्याला सांगत सांगत न्यायचं असतं. नाहीतर तो वाटेत राहतो आणि मग इकडे घरात लोकांची पोटं बिघडतात."

रीत सगळ्यांना माहीत होती. कोणी दूर कुठे, दवाखान्यात नाहीतर रस्त्यावर गेला, की घरचा माणूस बोरीच्या काटेरी झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातो आणि त्याला फांदीवर बोलावून घरी आणतो. वाटेत त्याचं वेगळं भाडं भरायचं, त्याला वेगळी जागा द्यायची, नदी आली की नदी आली म्हणून सांगायचं. आणि फांदी धरणाऱ्याने मुक्कामाला पोचेपर्यंत जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. बोलायचं ते फक्त गेलेल्याशी. इथे प्रश्न आणण्याचा नसून पाठवण्याचा होता, पण झुंगूंच्या मते उलट दिशेला नियम तेच. फांदी कोणी धरायची यावर वाद झाला नाही. पार्सलवर नाव मास्तरांचं, आणि न बोलण्याची सवयही त्यांनाच.

"आणखी एक," झुंगू म्हणाले. "हवाली करताना एकेकाचं नाव मोठ्याने घ्यावं लागेल. तुमचे पणजोबा ठरत नव्हते ना? मी ठरवलं. माझ्या मांगेनांच्या डाव्या हाताला तो रुंद छातीचा आहे, तो तुम्हाला दिला. शेजारधर्म आहे. काय नाव होतं हो त्यांचं?"

"दुमिसा," सिथोले म्हणाले. झुंगूंनी इतक्या प्रेमाने दिलेला पणजोबा परत कसा करायचा हे त्यांना सुचलं नाही.

त्या रात्री त्यांना झोप अशी लागली नाही. जिवंत माणसांपुढे गप्प राहून जन्म काढता येतो, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. पण उद्या मेलेल्यांपुढे, त्यांच्याच लढाईतल्या माणसांपुढे, कुठल्या तरी रुंद छातीच्या परक्याला दुमिसा म्हणून हाक मारायची? आणि खरे दुमिसा तेव्हा खिशात बसून ऐकणार.

सकाळी सिथोले एका हातात बोरीची फांदी आणि काखेत खोका घेऊन टॅक्सीत चढले. टॅक्सी म्हणजे भाडोत्री व्हॅन; माणसं भरली की निघते. मासिबिया, झुंगू आणि आजी मागोमाग चढले. झुंगूंनी खोक्याचं भाडं दिलं.

"खोका मांडीवर घ्या की," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यात वडीलधारी माणसं आहेत," झुंगू म्हणाले.

ड्रायव्हरने फांदी पाहिली, टोपी काढली आणि गाण्याचा आवाज कमी केला. "किती जण?"

"पलटण आहे."

"मग एका सीटचं भाडं कसं काय, बाबा?"

यावर बरीच चर्चा झाली. सिथोल्यांना बोलायची बंदी, नाहीतर त्यांनी सगळ्यांचं भाडं भरून टाकलं असतं. पुढे ओढ्यावरचा पूल आला तेव्हा त्यांनी खोक्याकडे वाकून हळूच सांगितलं, "आता आपण पाणी ओलांडतोय." शेजारच्या बाईने मांडीवरची कोंबडी दुसऱ्या बाजूला घेतली आणि अदबीने सरकून बसली.

पोस्टात खिडकीपलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने फांदीकडे पाहिलं नाही, खोक्याकडे पाहिलं.

"आत काय आहे?"

सिथोले गप्प.

"आजोबा, ऐकू येतं का? आत काय आहे?"

"माणसं," झुंगूंनी उत्तर दिलं.

"माणसं पोस्टाने जात नाहीत."

"लहान आहेत."

"लहान मुलं तर मुळीच नाही!"

"अगं, शिशाची आहेत."

"मग तसं सांगा ना. खेळणी." ती लिहायला लागली.

"पोरी," आजी पुढे झाल्या, "तुझं कुळ कुठलं?"

"क्वाबे, आजी."

"क्वाब्यांची लेक असून माझ्या आजोबांना खेळणं म्हणतेस?"

मुलीने खोडलं आणि 'हस्तकला' लिहिलं. "किंमत?"

"तुझ्या पणजोबांची तू काय लिहिली असतीस?" झुंगूंनी विचारलं. मागे रांग वाढत होती. कोणीतरी म्हणालं, काहीही लिहा, पण लिहा. एकजण म्हणाला, काहीही कसं, आमचेही त्यात आहेत. तो वस्तीतलाच निघाला. अखेर मुलीने स्वतःच्या अंदाजाने एक आकडा टाकला आणि तो कोणालाही पाहू न देता कागद उलटा ठेवला. ही मुलगी पुढे मोठ्या हुद्द्यावर जाईल.

आणि अशा वेळी आजींना भलतंच सुचलं. "झुंगू, तिथे उतरल्यावर यांच्याशी बोलणार कोण? आपल्या माणसांना इंग्रजी कुठे येतं?"

झुंगूंचा चेहरा उतरला. "तो पेटिफर असेल ना..."

"तो दातांचा डॉक्टर! एवढा प्रवास करून आजोबांनी डोळे उघडले आणि समोर दातांचा डॉक्टर दिसला तर? मी नाही पाठवत. काढा माझे आजोबा बाहेर."

"आता बांधलंय सगळं!"

"मग सोडा!"

खोका सुटू लागला. सगळे सिथोल्यांकडे पाहत होते, आणि त्यांना कोणाशी बोलता येत नव्हतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की एका बाजूला बोलता येतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं होत होतं की त्यांना बोलायचं होतं आणि एकाही जिवंत माणसाकडे पाहायची सक्ती नव्हती. ते उघड्या खोक्यावर वाकले.

"थोरल्यांनो," ते म्हणाले. आवाज ग्रंथालयातलाच होता, पण पोस्ट एकदम शांत झालं. "इथून पुढे तुम्ही दुसऱ्यांच्या हातांनी जाणार. मी नावं घेतो." त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, मांगेनांचं पहिलं, आजींच्या आजोबांचं तिन्ही बायकांच्या कुळांसकट. रुंद छातीच्या सैनिकापाशी ते अडले.

"हा माझा म्हणून उभा केलाय, पण माझा नाही. कोणाचा आहे ते मला माहीत नाही. त्याने राग मानू नये. माझे हे."

त्यांनी खिशातून लाल फडक्याचा सैनिक काढला आणि शाईच्या पॅडशेजारी ठेवला.

"हे दुमिसा सिथोले. त्या दिवशी हे तुमच्या समोर होते, इंग्रजांकडून. तुम्ही खाली उतरलात तेव्हा हे पळाले. आमच्या घरात यांना कोणी मोठ्याने हाक मारली नाही. लाज वाटायची. पण त्याआधी काही महिने हे इंग्रजांचे तंबू वाहायला होते. 'चल', 'थांब' आणि 'चहा' एवढं इंग्रजी यांना येत होतं. तुम्हाला चालत असेल तर हे बरोबर येतील."

झुंगूंनी तोंड उघडलं. आजींनी त्यांना कोपर मारलं. "ते आपल्याशी बोलत नाहीयेत. मध्ये बोलायचं नाही."

झुंगू क्षणभर चुळबुळले. मग तेही खोक्यावर वाकले, आणि खाणीतल्या आवाजात म्हणाले, "मांगेना! ऐकलंत ना? त्या दिवशी तुमच्या हातून हा निसटला तो निसटला. आता परत त्याच्या मागे लागू नका. त्याला तिकडच्या लोकांची माहिती आहे. तो सांगेल तसं करा, आणि परमुलखात त्याला एकटं टाकू नका." मग सरळ होऊन, सिथोल्यांकडे न पाहता, रांगेतल्या कोणाला तरी म्हणावं तसं म्हणाले, "मला तो रुंद छातीचा पहिल्यापासून सिथोले वाटतच नव्हता."

"'चहा' येतं म्हणाले ना?" आजींनी विचारलं. "मग झालं तर. त्यांना सगळ्यात वर ठेवा. खोका उघडला की आधी तेच दिसू देत."

मासिबियाने आपला हातरुमाल घडी करून पलटणीवर पसरला आणि दुमिसांना त्यावर आडवं केलं. खोका पुन्हा बांधला.

"घरमालकाला कळवलंय का?" आजी म्हणाल्या. "एवढी माणसं येतायत. पत्र आधी पोचायला हवं."

"त्यांना आता बोलता येत नाही," झुंगू म्हणाले. "पण लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे."

क्वाब्यांच्या मुलीने कागद दिला. सिथोल्यांनी फांदी काखेत धरली, आणि खिडकीपाशी उभ्याउभ्या, मागची रांग खोळंबलेली असताना, एकही शब्द न खोडता लिहिलं:

'प्रिय पेटिफर, उत्तराला फार उशीर झाला. पलटण वेगळी पाठवतो आहे. काहींची पोटं सुटलेली दिसतील, ती तशीच हवी आहेत. एकाचा पाय आखूड आहे, तोही. ढालींविषयी तुमच्या मंडळातल्या गृहस्थांना सांगा की आमच्याकडेही अजून एकमत झालेलं नाही. सर्वांत वर लाल फडकं बांधलेले आहेत ते माझे पणजोबा. ते तुमच्या बाजूने होते. तरी त्यांना या पलटणीबरोबरच उभं करा. बाकीच्यांना त्यांची गरज आहे. सामन्यात तसाच प्रसंग आला तर त्यांना पळू द्यावं. ते पळाले, म्हणून मी आहे. वेलापी सिथोले.'

मुलीने पाकिटावर तिकीट लावलं आणि दाराजवळच्या पेटीकडे बोट केलं. सिथोले पेटीपाशी गेले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि थांबलं. त्यांचं एक बोट आणि अंगठा अजून कोपऱ्याला चिकटून होता. रांगेतली माणसं माना वळवून पाहत होती.

"सोडा आता," मासिबिया म्हणाली.

त्यांनी सोडलं.